‘मॅडम, हा बापावर गेलाय’

ठाण्यात नौपाड्याला माझी समुपदेशनाची खोली तळमजल्यावर आहे आणि खिडकीबाहेर भाजीची गाडी लागते. लोक जन्मात कोणापाशी बोलले नाहीत ते इथे बोलायला लागतात आणि मधेच "मेथी वीसला जुडी!" अशी हाक येते. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. वाक्य घशात अडलं असेल तर त्या हाकेच्या निमित्ताने माणूस जरा श्वास घेतो.

त्या बाईही अशाच अडल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत अकाउंट्स बघतात, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. "मॅडम, एकच विचारायचंय. पोर जन्माला येतानाच वाईट येऊ शकतं का? खरं काय ते सांगा. समजूत घालू नका."

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून येतो. आजी-आजोबा ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हणत येतात. शाळेतले शिक्षक ‘घरचंच वळण’ म्हणतात. भांडून आलेली जोडपी एकमेकांच्या घराण्याकडे बोट दाखवतात. आणि ज्यांनी मूल दत्तक घेतलंय ते हाच प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारतात, दार नीट लागलंय ना हे बघून.

पुढे जे लिहितेय त्यातली नावं, नाती आणि काही तपशील बदललेत, दोन घरांचे अनुभव एकात मिसळलेत. मुलाला आपण सोहम म्हणू.

सोहम दहा वर्षांचा, पाचवीत. घर वर्तकनगरला, शाळा घोडबंदर रोडवर. वडील प्यायचे आणि हात उचलायचे. सोहम पाच वर्षांचा असताना आई त्याला घेऊन माहेरी आली, पुढे घटस्फोट झाला. तेव्हापासून घरात तिघं: आजी, आई आणि हा. त्या आठवड्यात वर्गात शेजारच्या मुलाने याचं खोडरबर घेतलं, मागितलं तरी दिलं नाही, आणि याने कंपासपेटीतलं कर्कटक काढून त्याच्या हाताच्या पाठीवर खुपसलं. टाके पडले नाहीत, पण धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. शाळेने दोन्हीकडच्या पालकांना बोलावलं आणि याच्या आईला सांगितलं, पुन्हा असं झालं तर दाखला घेऊन जा.

आईला हादरवलं ते मात्र पुढचं होतं.

"मी शाळेतून तशीच धावत घरी आले. व्हॅनने हा आधीच पोचला होता. स्वयंपाकघरात खाली बसून पोहे खात होता. शांत. डोळ्यांत टिपूस नाही. मी ओरडले, खांदा धरून हलवलं, तरी याचा घास चालूच. आणि मॅडम, त्याने लिंबू मागितलं. ‘आजी, लिंबू पिळ ना थोडं.’ एका पोराच्या हातातून रक्त काढून आलेला मुलगा लिंबू मागतोय!" त्या थांबल्या. "याचा बाप असाच होता. मला मारून झालं की हात धुवायचा आणि ताट वाढ म्हणायचा."

बाहेर मेथीवाल्याची हाक येऊन गेली. मग त्या म्हणाल्या, "मला माझ्याच मुलाची भीती वाटते."

इथे मी चूक केली. त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. पण समोरची बाई शिकलेली, ‘खरं काय ते सांगा’ म्हणणारी, म्हणून मी खरं काय ते सांगायला लागले. जगभरात पन्नास वर्षांत झालेले जुळ्यांचे अभ्यास २०१५ साली एकत्र करून बघितले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. म्हणजे साधारण निम्मा. बाकीचं घर, शाळा, संगत, नशीब. मला वाटलं, केवढं दिलासा देणारं बोलले मी. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि गेल्या. पुढच्या वेळेला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तीन आठवड्यांनी आल्या त्या डोळ्यांखाली काळं घेऊन. "तुम्ही म्हणालात निम्मा तो बापच आहे. मी रोज रात्री तो झोपला की त्याच्याकडे बघत बसते. कुठला निम्मा, ते शोधते."

इतकी वर्षं या कामात घालवून मी एका आईला तिच्या मुलाचे दोन तुकडे करून दिले होते. त्या दिवशी आधी माफी मागितली आणि मग तो आकडा नीट सांगितला. आता इथेही सांगते, कारण वर्तमानपत्रांत, व्हॉट्सअॅपवर तो बहुतेक वेळा असाच अर्धवट फिरतो.

एकाच मशागतीच्या शेतात वेगवेगळ्या वाणांचं भात लावलं, तर रोपांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. एकाच वाणाचं भात अर्धं गाळाच्या जमिनीत आणि अर्धं मुरमाड जमिनीत लावलं, तर फरक जमिनीचा. ४९ टक्के हा असल्या फरकांचा हिशेब आहे, खूप माणसांचा मिळून. एक रोप उपटून हातात घेतलं आणि म्हणालात की यातलं निम्मं बियाण्याचं आणि निम्मं मातीचं, ते दाखवा, तर कोणत्याही शास्त्रज्ञाला ते दाखवता येणार नाही. सोहमचंही येणार नाही. तो अख्खा सोहम आहे.

आपल्या म्हणीला हे केव्हाच माहीत होतं असं मला कधीकधी वाटतं. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ वाण वेगळा, गुण वेगळा, दोन निराळे शब्द. आपण ही म्हण फक्त वाईट संगतीसाठी वापरतो, ते सोडा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ‘रक्ताचं काय’ हा प्रश्न तिथे सरळ तपासता आला होता. अमेरिकेत ५६१ दत्तक कुटुंबांवर एक अभ्यास झाला, २०१६ साली तो छापून आला. बाळं जन्मल्या-जन्मल्या दत्तक गेलेली, म्हणजे जन्मदात्या आईच्या वागण्याची सावली त्यांच्यावर पडलेली नाही. तरीही जिची वागणूक गंभीर समाजविघातक होती, तिच्या बाळात सव्वादोन वर्षांच्या वयात भावनाशून्यपणाची लक्षणं जास्त दिसली. रक्त काहीतरी घेऊन येतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण वाढवणारी आई जिथे मुलाच्या चांगल्या वागण्याला भरभरून दाद देत होती, तिथे हा धोका पुढे सरकला नाही. "म्हणजे कौतुक?" त्यांनी विचारलं. कौतुकच. त्यांनी खूप वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "मी शेवटचं कधी केलं तेच आठवत नाहीये."

मग सोहम आला.

किडकिडीत, कान मोठे, चपला दाराबाहेर अगदी जुळवून ठेवणारा. मला ‘टीचर’ म्हणाला. मी म्हटलं मावशी म्हण, तर म्हणाला, "नको, टीचर बरं आहे." मातीचा गोळा दिला, त्याचे सारखे सारखे चौकोनी ठोकळे पाडले. शाळा, व्हॅन, क्रिकेट, सगळ्यावर उत्तरं दिली. मी कर्कटकाच्या दिवसाकडे वळले, तर दप्तराकडे हात नेत म्हणाला, "डबा खाऊ का?" मी म्हटलं खा. चपाती-भाजीचा रोल होता. खाल्ला, सावकाश, प्रत्येक घास बत्तीसदा चावल्यासारखा. वेळ संपली.

दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. विषय तिथे वळला आणि, "डबा खाऊ का?" तिसऱ्या वेळी आईने डबा दिला नव्हता. त्याने दप्तर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पाण्याची बाटली काढली आणि एकेक घोट पीत राहिला, बाटली दोन्ही हातांत छातीशी धरून. भूक नव्हती ही. काहीतरी दुसरं होतं आणि ते मला कळत नव्हतं. मी वहीत ‘डबा??’ एवढंच लिहून ठेवलं.

त्याच दिवशी निघताना, चपलेत पाय घालता घालता, त्याने विचारलं, "टीचर, माणसात रक्त किती असतं?"

"मोठ्या माणसात पाचेक लिटर."

"माझ्यात?"

"दोन-सव्वादोन असेल."

"मग ते सगळं काढून दुसरं भरता येतं का? मामाचं चालेल. मामाचा पण ओ पॉझिटिव्ह आहे, मी विचारलंय त्याला." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने खुलासा केला, "म्हणजे पप्पांचं निघून जाईल ना."

या पोराने सगळी तयारी केली होती. डोंबिवलीच्या मामाला फोन करून रक्तगट विचारला होता. ‘बापाचं रक्त, जाणार कुठे’ हे वाक्य घरात उठता-बसता म्हटलं जात होतं, आणि ते म्हणणाऱ्यांना वाटत होतं की तो टीव्ही बघतोय.

मी त्याला परत आत बसवलं आणि सांगितलं की रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग ती मोडते आणि आपलं शरीर, आपल्याच हाडांच्या आत, नवी तयार करतं. म्हणजे दर चार महिन्यांनी सगळ्या लाल पेशी नव्या. तो बोटं मोजायला लागला. "वर्षात तीनदा. आम्ही आजीकडे आलो त्याला पाच वर्षं. पाच त्रिक पंधरा." वर बघितलं. "पंधरा वेळा बदललं?"

"पंधरा वेळा. आणि सगळं तूच बनवलंस. आजीच्या हातचं खाऊन."

मला माहीत आहे, ही थोडी लबाडी होती. लाल पेशी बदलतात, पण त्या बनवणाऱ्या पेशींतली गुणसूत्रं तीच राहतात, आणि कोणी जीवशास्त्राचे शिक्षक वाचत असतील तर ते आत्ता मान हलवत असतील. हलवू देत. दहा वर्षांचं पोर स्वतःचं रक्त उपसून टाकायचा बेत करत असेल, तर त्याला आधी पंधरा वेळाचं गणित द्यावं. गुणसूत्रं नववीत शिकेल.

यानंतर मी आजींना बोलावलं.

आजी आल्या त्या थेट मुद्द्यावर. "आमच्याकडे असं कोणी नव्हतं हो. हे सगळं तिकडचं. खाण तशी माती." मी हो-नाही काही न म्हणता कागद घेतला आणि घराण्याचा नकाशा काढायला लागले. कोण कोणाचं, कोणाचा स्वभाव कसा. आम्ही हे नेहमीच करतो. आजींचा भाऊ शांत, बहीण रडवी, वडील गाईसारखे गरीब. "आणि तुम्ही आजी?"

आई पहिल्यांदाच हसली. "सांग ना, डब्याचं सांग."

आजी तेव्हा मुंबईत नोकरीला जायच्या. एकदा गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात एक माणूस चढला, उतर म्हटलं तर उर्मटपणे बोलला. आजींनी हातातला स्टीलचा तीन पुडांचा डबा त्याच्या डोक्यात घातला. वरणासकट. मुलुंडला तो उतरला तो कपाळ धरूनच. चाळीत ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली जात होती, हळदीकुंकवाला बायका आजींकडून पुन्हा पुन्हा ऐकायच्या.

"आजी, त्याला लागलं असेल."

"लागायलाच हवं होतं!" असं म्हणून आजींनी माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. त्यांच्या नावाचं वर्तुळ आणि सोहमचं वर्तुळ यांच्यामध्ये मी अजून काही लिहिलं नव्हतं. आजी हुशार बाई. "हं," एवढंच म्हणाल्या.

मी लगेच सांगितलं की लेडीज डब्यात घुसलेला माणूस आणि खोडरबर घेणारा वर्गमित्र यांत फरक आहे, सोहमने केलं ते चूकच. पण आत जी धग असते, चटकन पेट घेणारी, ती आजीची असेल, बापाची असेल, दोघांचीही असेल. चाळीने तिला धाडस म्हटलं, आता घर तिला खोट म्हणतंय. तान्हेपणी कसा होता ते विचारलं. आई म्हणाली, झोप वाऱ्यावरची, झबल्याची शिवण टोचली तरी तासभर रडायचा, नवीन माणूस घरात आलं की अंग ताठ करायचा. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी शंभराहून जास्त मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्या नोंदींत साधारण दहातलं एक मूल असंच होतं: सगळं तीव्र, सगळं अनियमित, बदल नकोसा. जन्मतःच. आईबापांनी काही केलं म्हणून नव्हे. यातल्या कोणाचं पुढे बिनसलं आणि कोणाचं नाही, हे त्यांच्या मते मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा यांचं जुळलं की नाही यावर ठरलं.

आजींना ते पटलं नाही. "पण मारायला कुठून शिकला? बापाला बघूनच ना?"

काही अंशी, हो. मुलं बघून शिकतात यात वादच नाही. पण मारणं शिकावं लागतं हीच समजूत थोडी उलटी आहे. रिचर्ड ट्रेम्बले नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने मुलांच्या शारीरिक आक्रमकतेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ढकलणं, चावणं, मारणं सगळ्यात जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या वयात. नंतर बहुतेकांचं उतरत जातं. जगातला सगळ्यात मारकुटा माणूस अडीच वर्षांचा असतो, ताकद नसते म्हणून निभावतं. मारायचं कसं हे पोराला येतच असतं. न मारता काय करायचं हे त्याला वर्षानुवर्षं कोणीतरी दाखवावं लागतं. सोहमला ते दाखवण्याच्या वयात घरात काय चाललं होतं, हे या दोघींना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

आजींनी ते स्वतःच काढलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी जायचे की तिथे अधूनमधून. मला बघवायचं नाही. मी काय करायचे, जावयाचा आवाज चढला की पोराला उचलायचे आणि ताटावर बसवायचे. काही असो नसो, वरण-भात, नाहीतर नुसती साखर-चपाती. आणि जावयाला सांगायचे, पोर ताटावर बसलंय, आता त्याला हात लावायचा नाही. तेवढं तो पाळायचा हो. कसाही असला तरी ताटावरच्या पोराला नाही कधी मारलं."

खोलीत कोणी बोललं नाही. आईने हात तोंडावर ठेवला होता.

माझ्या वहीतल्या दोन प्रश्नचिन्हांचं उत्तर मिळालं होतं. पोहे, लिंबू, चपातीचा रोल, छातीशी धरलेली बाटली. बाप मारून झाल्यावर ताटावर बसायचा; मुलगा मार चुकवायला ताटावर बसायचा. लांबून दोघं सारखेच दिसतात. त्या दिवशी आई दारातून ओरडत आली तेव्हा सोहम त्याला ठाऊक असलेल्या एकमेव सुरक्षित जागी जाऊन बसला होता, आणि ताटावरून उठायला लागू नये म्हणून त्याने लिंबू मागितलं होतं.

मला लोक विचारतात, तुमचं काय मत, माणूस मुळात चांगला की वाईट? गृहसंकुलांत व्याख्यानं देते तिथे हमखास. चीनमध्ये सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेन्शियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला की विहिरीत पडू लागलेलं मूल बघून कोणाच्याही काळजात चर्र होतं, म्हणून माणूस मुळात चांगला. त्यानंतर आलेला शुन्झी म्हणाला, माणूस वाकड्या लाकडासारखा, वाफ देऊन सरळ करावा लागतो. भांडले म्हणावेत एवढे विरुद्ध, पण मुलांना शिकवायला हवं यावर दोघांचंही एकमत! २००७ साली अमेरिकेत सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना बाहुल्यांचा खेळ दाखवला, तेव्हा बहुतेकांनी अडवणाऱ्या बाहुलीपेक्षा मदत करणारीला पसंती दिली. मी हे कित्येक वर्षं व्याख्यानांत सांगत होते, टाळ्या पडायच्या. अलीकडे बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून हजाराहून जास्त बाळांवर तोच प्रयोग केला, तर तसा कल दिसला नाही. तेव्हापासून सांगणं बंद केलंय. माझ्या खोलीत बसलेल्या मुलाबद्दल त्या वादातून मला आजवर काही उमगलं नाही. डब्याबद्दल विचारल्यावर उमगलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि खरं समुपदेशन बहुतेक तसंच असतं. आईला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या: कधी भडकला, किती वाजता, आधी काय झालं. महिनाभरात दिसलं की बहुतेक खुणा दुपारच्या, घरी आल्यानंतरच्या अर्ध्या तासातल्या, नाहीतर शाळेत मधल्या सुट्टीच्या आधीच्या. व्हॅनमध्ये मुलं कोंबलेली, कापूरबावडीला ट्रॅफिक, कोणाचं ना कोणाचं दप्तर याच्या मानेला टेकलेलं. शिवण टोचली तरी रडणारं बाळ ते. व्हॅनवाल्या काकांशी बोलून त्याला खिडकीची जागा मिळवली. घरी आल्यावर अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही असं ठरलं. वर्गशिक्षिकांना मी आईच्या परवानगीने पत्र लिहिलं. त्यांनी आपण होऊन सुचवलं की त्याचा चेहरा लाल व्हायला लागला की त्या त्याला स्टाफरूममधून खडू आणायला पाठवतील. मला एवढी साधी युक्ती सुचली नसती.

माफी मागायला सोहम आईबरोबर त्या मुलाच्या घरी गेला. नवं खोडरबर आणि स्वतः लिहिलेली चिठ्ठी घेऊन. त्या घरच्या बाईंनी चिठ्ठी घेतली, "ठीक आहे" म्हणून दार लावून घेतलं. सोहम जिन्यात म्हणाला, "त्यांना राग आलाय अजून." आई म्हणाली, "येणारच. आपण फक्त सांगायला आलो होतो." मला हे सगळं फार आवडलं, दार लावल्यासकट. जखम त्यांच्या मुलाला झाली होती. सोहमची गोष्ट कळल्यामुळे ती लहान होत नाही.

आणि घरातली वाक्यं. ‘बापावर गेलाय’वर बंदी घातली, तेव्हा आजींनी विचारलं, मग तोंडात येईल त्याचं काय करू? मी म्हटलं, गिळा. नाहीतर जे दिसतंय तेवढंच म्हणा: आवाज चढलाय, मूठ आवळलीस, बाहेर जाऊन ये. आजींनी पंधरा दिवस मौन पाळल्यासारखा चेहरा केला होता, असं आई सांगत होती.

प्रत्येक वेळी गोष्ट अशी सुटत नाही हेही सांगायला हवं. मूल महिनोन्‌महिने मुक्या जनावरांना किंवा लहानांना जाणूनबुजून इजा करत असेल, आगी लावत असेल, समोरच्याच्या दुखण्याचं त्याला काहीच वाटत नसेल, तर माझ्यासारखीच्या खोलीत न थांबता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, आणि लवकर जावं. सोहमलाही मी एकदा दाखवून आणलं होतं. त्यांनी तासभर बघितलं आणि चालू आहे ते चालू ठेवा म्हणाले.

आईचा फोन आला तो साताठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी. "मॅडम, रडला!" मला आधी कळेचना की ही बाई एवढी खूश का आहे. घरात चेंडू खेळताना याने आजींचा चष्मा फोडला होता, नवा, परवाच केलेला. आवाज ऐकून आई बाहेर आली, तर हा पॅसेजमध्येच उभा, चष्म्याची काडी हातात आणि भोकाड पसरलेलं. स्वयंपाकघरात गेला नव्हता. "मी जवळ गेले तर मलाच बिलगला. ऐका ना, अजून चालू आहे." त्यांनी फोन पुढे धरला. खरंच चांगलं दणदणीत रडणं चालू होतं, नाक ओढत, हुंदके देत. मागून आजींचा आवाज आला, "अरे पुरे आता, ताट वाढलंय, ये!" आणि हुंदक्यांच्या मधूनच उत्तर आलं, "थांब ना आजी, अजून झालं नाही माझं."